पर्यवेक्षकाचा वाटा

काओश्युंग, ९ सप्टेंबर

को बाई,

मी त्साय पेइ-रोंग. नववी क, खिडकीकडची रांग, शेवटून दुसरा बाक. चोवीस वर्षांत तुमच्या हाताखालून इतकी पोरं गेली असतील की नुसत्या नावावरून ओळख पटायची नाही, म्हणून आणखी एक खूण सांगते. मी तुमची श्वानप्रमुख. आता नक्की आठवलं असेल.

तुमचा पत्ता निवृत्त शिक्षकांच्या संघातल्या बाईंनी दिला, तोही कुरकुरत. "को बाई मोबाइल वापरत नाहीत आणि घरचा फोन उचलत नाहीत. पत्र लिहा, वाचलं तर वाचतील," म्हणाल्या. ताइतुंग काही चंद्रावर नाही, सकाळच्या गाडीत बसलं की जेवायच्या आत पोचता येतं. तरी पत्रच बरं. समोर आले असते तर माझी वाचाच बसली असती.

मीही तुमच्याच पंथाला लागले. इथल्याच विद्यापीठात शिकले. आवारातल्या कुत्र्यांची काळजी घेणारं विद्यार्थ्यांचं एक मंडळ तिथे होतं, त्यात पहिल्याच दिवशी नाव घातलं. "अनुभव आहे का?" असं विचारल्यावर "तीन वर्षं अधिकृत पद भूषवलंय" असं सांगितलं, आणि पोरं पोट धरधरून हसली. आता मी आठवीला विज्ञान शिकवते. शिवाय गेल्या वर्षापासून शाळेच्या जेवणाचं काम माझ्या गळ्यात पडलंय. हे काम कोणाला द्यायचं असा विषय निघाला की शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना एकदम खोकला येतो. मला नेमका त्या दिवशी आला नाही. रोज अकराशे पोरांचा भात, आणि कोबीत अळी निघाली की पहिला फोन मला.

मुद्द्यावर येते. माझ्या वर्गात लियाओ शिन-यू नावाची तेरा वर्षांची मुलगी आहे. आजोबांजवळ राहते; आजोबा गल्लीच्या तोंडाशी सायकली दुरुस्त करतात. तिला रात्री पोटभर मिळत नाही हे मला शाळा उघडल्यावर दोन दिवसांत कळलं. ती भात चावत नाही, गिळते. मी तिला दुपारचं उरलेलं जेवण देऊ केलं, अगदी हसून, प्रेमाने. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत नाही. तीन दिवस न सांगता गैरहजर राहिलं की नाव वर कळवावं लागतं, कळवलं. समाजसेवा विभागाच्या बाई घरी जाऊन आल्या. महिनाअखेरपर्यंत ती परतली नाही तर तिची रवानगी ताओयुआनला, आत्याकडे. त्या आत्याचं नाव काढलं की म्हातारा मान खाली घालतो. मी दोनदा दारात जाऊन आले. शिन-यू बाहेर येत नाही.

म्हणून तुम्हाला विचारते आहे. तुम्ही ते कसं जमवलं होतंत?

मला आठवतं ते असं. जेवण झालं, दात घासले, की साडेबाराला झोपेचा तास, दिवे बंद आणि अडतीस डोकी बाकावर. डोकं वर दिसलं की नाव फळ्यावर. त्या अर्ध्या तासात वर्गात दोघीच जाग्या, तुम्ही आणि मी. उरलेलं जेवण तुम्ही दोन पिशव्यांत भरायचात. एकीला नुसती गाठ, तिच्यात हाडं आणि उष्टं. दुसरीला लाल दोरी, तिच्यात पातेल्यातला हात न लागलेला भात, कोंबडीची तंगडी, एखादं अंडं. मग हळूच म्हणायचात, "श्वानप्रमुख, पर्यवेक्षकाचा वाटा." आपल्या शाळेचा तो तपकिरी कुत्रा दिवसभर सगळे वर्ग हिंडायचा आणि काम काडीचं करायचा नाही, म्हणून पोरांनी त्याचं नाव पर्यवेक्षक ठेवलं होतं.

लाल दोरीची पिशवी माझ्यासाठी आहे हे मला कळलंच नाही हो! मी दोन्ही पिशव्या त्यालाच घालायचे. शेवटी तो इतका फुगला की नर्सबाईंनी त्याला वजनकाट्यावर उभं केलं. पुढे वर्गात ते प्रकरण झालं, तुमची बदली झाली, आणि भेटायचं राहूनच गेलं. पण युक्ती थोर होती. शिन-यूसाठी ती कशी करावी, तेवढं कळवा.

तुमची विद्यार्थिनी,
पेइ-रोंग


काओश्युंग, १५ सप्टेंबर

को बाई,

तुमचं उत्तर मिळालं. म्हणजे माझंच पत्र परत आलं, लाल शाईने तपासून. वजनकाट्याच्या ओळीखाली रेघ, आणि समासात: "पर्यवेक्षक मरेपर्यंत हाडकुळाच होता." "हसून, प्रेमाने" याला गोल आणि प्रश्नचिन्ह. "राहूनच गेलं" याला दुसरं. आणि तळाशी: "अपूर्ण. पुन्हा लिही."

एकोणचाळीस वर्षांच्या बाईला! शिक्षकांच्या खोलीत बसून मी आधी संतापले, मग हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले. माझं लिहिणं इतकं लक्ष देऊन गेल्या चोवीस वर्षांत कोणी वाचलं नव्हतं. त्याबद्दल आधी आभार मानते आणि पुन्हा लिहायला घेते.

शिन-यूचं आधी. आता नियम बदललेत, उरलेलं जेवण मुलांना घरी नेता येतं. पण त्यासाठी तक्ता भरावा लागतो, नाव, वर्ग आणि कारण. मी देऊ केलं ते असं: तिला जेवणाची पातेली आणणाऱ्या ढकलगाडीपाशी बोलावलं, मागे सगळी रांग उभी असताना, आणि पेन पुढे केलं. "इथे सही कर, बाळ." कारणाच्या रकान्यात मी आधीच 'घरची गरिबी' लिहून ठेवलं होतं. तिच्या मागच्या पोराने ते मोठ्याने वाचलं. शिन-यूने पेन नीट टोपण लावून परत दिलं आणि जागेवर जाऊन बसली. मी हसले होते, एवढं मात्र खरं.

आता माझं. लाल दोरीची पिशवी कोणाची हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कुत्र्याच्या जेवणाला कोणी दोरी बांधतं का? हाडांची पिशवी पर्यवेक्षकाला, आणि दुसरी माझ्या दप्तरात, वह्यांच्या खाली. घरी आजी होती, आमा म्हणायचे मी तिला. वडील मासेमारीच्या बोटीवर, दोन-दोन वर्षं त्यांचा पत्ता नसायचा. पहिल्या दिवशी पिशवी पुढ्यात ठेवली तेव्हा आमाने विचारलं, "हे कुठून?"

"मला पद मिळालंय शाळेत. त्याचं आहे."

"अगं बाई! साहेबीण झाली की माझी नात. जेवा मग, साहेब. आणि शितं टाकू नका हां, वीज पाडणारा देव पद बघत नाही, टाळक्यात घालतो."

तिच्या हातांना तेव्हा सदा लसणाचा वास यायचा. पहाटे उठून मंडईत कोणाकडे तरी लसूण सोलते, एवढंच मला माहीत. तिने ढवळलेलं लाल चवळीचं गोड सारसुद्धा लसणाचं लागायचं आणि मी नाक मुरडायचे. शेजारणीने वाडगाभर सूप दिलं तर आमा तो वाडगा कधी रिकामा परत करायची नाही, दोन मुळे तरी घालायचीच. "गरीब असावं, दळभद्री असू नये," म्हणायची.

आणि ते प्रकरण. नववीचा मार्च महिना. होंग मिन-ह्वाचं पोट दुखत होतं म्हणून तिने डोकं वर केलं आणि मला पिशवी दप्तरात घालताना बघितलं. झोपेचा तास संपल्याची घंटा झाली आणि ती उभी राहून ओरडली, "पर्यवेक्षकाचा वाटा ही खाते!" मागच्या बाकावरून कोणीतरी भुंकलं. मग सगळेच भुंकायला लागले. तुम्ही फळ्यापाशी होतात. मी तुमच्याकडे बोट दाखवलं आणि किंचाळले, "मी मागितलं नव्हतं! बाईंनीच मला कुत्र्याचं अन्न दिलं!"

तुम्ही खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "बरोबर आहे. चूक माझी आहे. पुस्तकं काढा."

मला सगळं ठाऊक असूनही मी तसं बोलले. माफी मागते. आता पूर्ण झालं ना? मग शिन-यूचं सांगा. पंधरा दिवस उरलेत. काल गेले तर तिच्या आजोबांनी चहा दिला, पण दार अर्धंच उघडलं.

पेइ-रोंग


काओश्युंग, २० सप्टेंबर

को बाई,

या वेळी पत्र परत आलं नाही. पाकिटात निबंधाचा चौकटींचा एक कोरा कागद, आणि वर तुमच्या अक्षरात मथळा: "कार्यालयात काय झालं". त्याच कागदावर लिहिते आहे.

मिन-ह्वाची आई पालक समितीवर होती. दोन दिवसांनी मला कार्यालयात बोलावलं. मुख्याध्यापक, मिन-ह्वाची आई, आणखी एक गृहस्थ. असाच कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, घाबरू नको, जे झालं ते लिही. मला लिहिता आलं असतं की त्या पिशवीतला भात स्वच्छ होता, की त्यावर आम्ही दोघी तीन वर्षं रात्रीचं जेवलो, की बाईंनी मला कधी गरीब म्हटलं नाही, प्रमुख म्हटलं. मी लिहिलं: "को बाई कुत्र्यासाठी ठेवलेलं उष्टं मला घरी न्यायला लावत. मला ते आवडत नसे." दोन वाक्यं. खाली सही.

तुम्हाला आत बोलावून तो कागद वाचून दाखवला. मी बाहेरच्या बाकावर होते, दार उघडं होतं. "हे खरं आहे?" त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "हो." बाकी काही नाही. आमच्या परीक्षेला दोन महिने असताना तुमचा वर्ग काढून घेतला, आणि वर्ष संपल्यावर तुम्ही डोंगरापलीकडे ताइतुंगला गेलात. "बदली झाली" असं मी लिहिलं होतं. बदली माझ्या दोन वाक्यांनी केली.

अजून एक आहे, ते तुम्हालाही माहीत नाही. वर्ग सोडायच्या दिवशी तुम्ही झोपेच्या तासात माझ्या बाकाच्या कप्प्यात तुमचा स्वतःचा स्टीलचा डबा ठेवून गेलात. भात, वांगं, तळलेला मासा. त्या दिवशी तुम्ही उपाशी राहिलात हे कळण्याइतकी मी मोठी होते. डोकं बाकावर ठेवून मी जागी होते आणि उठले नाही.

आमाने डबा घासून पुसून ठेवला. "बाईंचा डबा रिकामा द्यायचा नाही," म्हणाली. मी नेऊन दिलाच नाही. मी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला असताना ती आजारी पडली ती पुन्हा उठलीच नाही; शेवटी शेवटी तिला नावंही आठवेनात, पण एकदा तिने माझा हात धरून विचारलं, "डबा दिलास का गं बाईंना?" मी म्हटलं, "दिला, आमा." डबा तेव्हा घरात पलंगाखाली होता. आजही माझ्याकडेच आहे.

आता काही उरलं नाही. शिन-यूसाठी तुम्ही काही सांगावं असा माझा हक्क राहिला नाही, हेही कळतं. पण तिने तर तुमचं काही वाकडं केलेलं नाही.

पेइ-रोंग


काओश्युंग, २७ सप्टेंबर

माझ्या को बाई,

तुमचं चार पानी पत्र बावीस तारखेला आलं. निळ्या शाईत. जेवणाची पातेली उतरवून घेत होते, हातमोजे काढून तिथेच उभ्याने वाचलं. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "काय झालं हो, कोण गेलं?" मी म्हटलं, "कोणी नाही, कोणीतरी आलं."

"तुझा राग दोन वर्षं होता, खोटं कशाला सांगू," हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. नुसती क्षमा मला पचली नसती. पण त्याच्या पुढचं पान मी आता रोज वाचते. ते इथे पुन्हा उतरवते, कारण ते माझ्या अक्षरात एकदा तरी असावं असं वाटतं.

"तू सातवीत आलीस त्याच आठवड्यात तुझी आजी शाळेच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, पोरगी रात्री पाणी पिऊन झोपते. पण भीक नको, काम द्या. बाहेरच्या माणसाला कामावर घ्यायची सोय नव्हती. तेव्हा तिने स्वतःच तोड काढली, मी तुमचा लसूण सोलीन, तुम्ही मला उरलेलं द्या. तीन वर्षं रोज पहाटे पाच वाजता ती त्या दाराशी पाट टाकून बसायची आणि पोरं यायच्या आत निघून जायची. अट एकच. नातीला कळू द्यायचं नाही, नाहीतर शाळेत ती मान वर करून चालणार नाही. मी शब्द दिला. म्हणून कार्यालयात मला 'हो' एवढंच म्हणता आलं. बाकी काही सांगितलं असतं तर तिचं नाव निघालं असतं. पेइ-रोंग, ती पिशवी माझी कृपा नव्हती आणि कुत्र्याचं उष्टं तर नव्हतीच. ती तुझ्या आजीची मजुरी होती. मी फक्त दोरी बांधत होते."

मंडई कसली, बाई! तीन वर्षं आम्ही सगळ्यांनी दुपारच्या भाजीत आमाने सोललेला लसूण खाल्ला. मिन-ह्वाने खाल्ला, भुंकणाऱ्या पोरांनी खाल्ला. मी तिच्या हातांच्या वासाला नाक मुरडत होते आणि तिला मी साहेबीण वाटत होते. आणि तुम्ही दोघींनी मिळून मला खरंच साहेबीण करून ठेवलंत. देवाने दोन आया दिल्या होत्या आणि मी स्वतःला पोरकी समजत राहिले.

शेवटी तुम्ही लिहिलंत: "त्या मुलीला काही देऊ नकोस. तिच्या घराकडे काहीतरी माग."

त्याच संध्याकाळी गेले. आजोबा उलट्या सायकलीचं चाक फिरवत बसले होते. मी म्हटलं, "आजोबा, आज पोरीसाठी नाही आले. आमच्या जेवणाच्या गाड्या अशा किंचाळतात की चौथ्या तासाला कोणी फळ्याकडे बघत नाही. कंत्राटदार दिवाळं निघाल्यासारखा तोंड लपवतोय. तुम्ही बघाल का?"

"मी सायकलवाला. गाड्याबिड्या आपलं काम नाही."

"चाक ते चाकच ना?"

"असं तुम्हाला वाटतं, बाई. शिकलेल्या माणसाला सगळी चाकं सारखीच दिसतात."

तेवढ्यात आतून आवाज आला, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "आजोबा, त्यांची बेअरिंगं गेलीत. दुसऱ्या मजल्याच्या गाडीचं पुढचं डावं चाक तर पारच गेलंय. मी रोज ऐकायचे."

म्हातारा माझ्याकडे बघून डोळ्यांत हसला. मग चेहरा कडक करून म्हणाला, "मजुरीचं काय?"

"शाळेतून मजुरी काढायची तर सतरा सह्या लागतात. जेवण मात्र रोज उरतं."

"मग तेच न्यावं लागेल. फुकट राबलो तर ही पोरगी मला वेड्यात काढील."

तक्त्यात कारणाच्या रकान्यात मी आता "गाड्यांची दुरुस्ती" असं लिहिते आणि सही आजोबा करतात. सोमवारी ते आले. त्यांच्या मागून अवजारांची पेटी घेऊन शिन-यू. नऊ गाड्या दोघांनी व्हरांड्यात उलट्या पाडल्या, आणि मधल्या सुट्टीत पोरं भोवती गोळा झाली. ज्याने रकाना मोठ्याने वाचला होता तोच पान्हा धरून बसला होता आणि शिन-यू त्याला झापत होती, "अरे उलटा! उलटा फिरव, भात खातोस ना?" तिसऱ्या तासाला ती काळे हात घेऊनच वर्गात येऊन बसली. मी हजेरी घेताना तिच्या नावाशी थांबले नाही, फक्त पुढची दोन नावं चुकून दोनदा घेतली. काल समाजसेवा विभागाच्या बाईंनी फाइल बंद केली. ती ताओयुआनला जात नाही.

हे सांगायला काल त्यांच्याकडे गेले, तर निघताना आजोबांनी मला दोन पपनसं दिली. "पौर्णिमेच्या सणाची आहेत. रिकाम्या हाताने जाऊ नका." मी घेतली. नको म्हणायची चूक आता करत नाही.

उद्या अठ्ठावीस सप्टेंबर, आपला शिक्षक दिन. परवा सणाची सुट्टी आहे, सकाळच्या गाडीने मी येते आहे. नाही म्हणायचं असेल तर फोन करावा लागेल, आणि तुम्ही फोन वापरत नाही. एक पपनस तुम्हाला. आणि तुमचा डबा.

डबा रिकामा नाही. आज सकाळी पाच वाजता आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी पाट टाकून बसले. स्वयंपाकीणबाईंना वाटलं मला वेड लागलं. अर्धी टोपली सोलली, नखांत आग झाली, आणि तेव्हा कळलं की आमा रात्री हात पाण्यात बुडवून का बसायची. त्यातला चांगला निवडून डबा गच्च भरलाय, झाकण बसत नव्हतं म्हणून वरून बांधलाय. दोरी लालच मिळाली.

हात तीनदा धुतले तरी वास जात नाही. मी धुवायचं सोडून दिलंय. तिने पुन्हा विचारलं, तर आता "दिला, आमा" असं खरं सांगता येईल.

तुमची,
श्वानप्रमुख